संगमाच्या पुलापर्यंत

"बाई, मी माणसांची तिकिटं फाडतो. झाडांची न्हाई."

चांगदेव माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. आणि त्या वेळी माझा अवतार काय वर्णावा! एका हातात करंजाची ही एवढी फांदी, दुसऱ्या हातात उंबराची, काखेत छत्री, पिशवी दातांत धरायचीच तेवढी बाकी होती. श्रावण सरत आला होता. पाऊस आपला मनाला येईल तेव्हा पडत होता आणि माझा पदर ओलाचिंब झाला होता. जुन्नरच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. उभी, दारात खाकी कपड्यांतला हा कंडक्टर, आणि मागे चढायला खोळंबलेली माणसं.

"मग झाडांची तिकिटं कोण फाडतं?" मी विचारलं.

"फॉरेस्टवाले."

मागच्या बाकावरचे दोघे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे बघा कंडक्टर, ही फांदी सीटवर बसणार नाही, खिडकीवरून भांडणार नाही आणि घाटात ओकणार तर मुळीच नाही. तुमच्या निम्म्या पॅसेंजरांपेक्षा बरी आहे ती!"

आता सगळी गाडीच हसली. तोही हसला... पण खाली बघून. त्याची ती खोडच होती, हसायचं आणि खाली बघायचं, जसं काही हसू सांडलंय आणि उचलायचंय.

"या मग," तो बाजूला होत म्हणाला. "पण तिथं नका बसू. ती सीट गळती."

मी मुद्दाम तिथंच बसले. नारायणगाव येईपर्यंत डोक्यावर टपटप पाणी पडत होतं आणि मी ताठ मानेनं समोर बघत होते. तो तिकिटं देत देत माझ्यापाशी आला, माझी छत्री उचलली, उघडली आणि गाडीच्या आत माझ्या डोक्यावर धरून उभा राहिला. एका हातानं छत्री, दुसऱ्या हातानं लोकांना तिकिटं!

"अहो, काय करताय?" मी कुजबुजले. "लोक बघतायत!"

"बघू द्या. बाई भिजल्या तर साळा कोन शिकवणार?"

"मी शाळेतली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अवो, एवढं वरडून बोलणारं दुसरं कोन असतंय?"

मी उठून कोरड्या सीटवर जाऊन बसले. काय करणार!

मी द्वारका. अवसरी खुर्दच्या भिमाजीची थोरली लेक. जुन्नरला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि हाजराबीच्या घरी एक खोली घेऊन राहत होते. दर शनिवारी शाळा सुटली की पुण्याच्या गाडीनं मंचरपाशी अवसरी फाट्यावर उतरायचं, घरी जायचं, सोमवारी परत. फांद्यांचं वेड मात्र नवं होतं. त्याला कारण डेन्मार्क.

हो, डेन्मार्क! त्या वर्षी सरकारनं मुंबई राज्यातले काही शिक्षक निवडले होते, सहा महिन्यांच्या अभ्यासदौऱ्यासाठी. तिथल्या खेड्यांत राहायचं, तिथले मास्तर मुलांना रानात नेऊन झाडं-पाखरं कशी शिकवतात, गावातली गाणी नि कामं शाळेत कशी आणतात ते बघायचं आणि इथं येऊन तसं करायचं. मी मुलींना कुकडीच्या काठावर नेऊन धडे घेते, ही कागाळी कुणीतरी वर केली होती. त्या कागाळीमुळेच माझं नाव लागलं! आणि जाताना प्रत्येकानं आपल्या मुलखाची एक पेटी न्यायची होती. आपल्याकडे काय उगवतं, काय उडतं, लोक काय गातात, ते तिथल्या लोकांना दाखवायला. म्हणून मी दिसेल त्या झाडाखाली तोंड वर करून उभी राहत होते.

पुढच्या शनिवारी चांगदेवनं विचारलं, "ही झाडं कुनाच्या लग्नाला चालली?"

"डेन्मार्कला."

"ते कुठल्या तालुक्यात येतं?"

इतक्या भोळ्या चेहऱ्यानं विचारलं की मला कळेचना. मी म्हटलं, "घाटाच्या पलीकडे."

"असं का! मग आगबोट घाटावरनं जाती जनू."

बघा! गडी मॅट्रिक झालेला होता, प्रत्येक स्टँडवर पेपर वाचायचा. मला खेळवत होता.

तेव्हापासून त्यानं माझं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं घर पेठला, आणि एस.टी.च्या वाटेवर त्याची ओळख नाही असं गाव नव्हतं. आंबेगावच्या गाडीचा कंडक्टर त्याचा दोस्त. त्याच्याकडून हिरडा आला. पिंपरी पेंढारच्या कुणा बागाईतदाराकडून कांद्याचे फुललेले गोंडे आले. पेठच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यानं स्वतः बसून उतरवून घेतल्या आणि गाडीत मला म्हणून दाखवल्या... हळू आवाजात, तिकीट फाडता फाडता. बापई माणूस ओव्या म्हणतोय! मंचरच्या बाजाराला निघालेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

एकदा तो सुगरणीचा खोपा घेऊन आला. अख्खा, काटकीसकट. गाडीत माणसांची चेंगराचेंगर, आणि हा खोपा छातीशी धरून उभा. पैशांची थैली पाठीवर टाकलेली, खोपा पुढं.

"हे काय?" मी विचारलं.

"घर."

"कुणाचं?"

"सुगरणीचं. मोकळं व्हतं. इचारून आणलंय."

"कुणाला विचारलंत?"

"नराला. बांधतो तर त्योच." मला ते ठाऊक होतं, वर्गात मीच शिकवते. पण त्याला थांबवावंसं वाटेना. "मादी नुसती येऊन बघती. पसंत पडलं तर ऱ्हाती. न्हाई तर त्यो बिचारा दुसरं घर बांधायला घेतो."

"आणि हे घर पसंत पडलं नाही वाटतं?"

तो खाली बघून हसला. "ते आता... बघणारनीनं सांगायचं."

माझे कान असे तापले! मी खोपा मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. कळंब आलं, गेलं, मला काही दिसलं नाही. फाट्यावर उतरताना मी म्हटलं, "घर चांगलं आहे." आणि मागं न बघता अशी पळाले की चप्पल तुटली.

हाजराबीपासून काय लपतंय! माझ्या आईच्या वयाची बाई, अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता माणसाचं मन कातरून बघायची.

"द्वारका बेटी, आजकाल शनिवारी वेणी दोनदा घालतेस तू."

"पहिल्यांदा नीट बसली नाही."

"हां, हां. आणि सोमवारी गाडी आली की स्टँडवरून इथपर्यंत यायला तुला दुपार होते. अगं, तो पोरगा चांगला आहे. बोलला का काही?"

"कशाबद्दल?"

"या अल्ला! मास्तरीण आहे आणि विचारते कशाबद्दल!"

बोलला नव्हता. मीही नव्हते. बोलायचं काय? दर शनिवारी तीच सीट माझ्यासाठी कोरडी ठेवलेली असायची. थंडी पडली तसा त्याच्या मफलरचा बाकावर घडी करून तक्क्या झाला. कधी तिकीट देताना बोटं बोटांना लागायची आणि आम्ही दोघंही तिकिटावर काय छापलंय ते वाचायला लागायचो. एवढंच. पण त्या एवढ्यावर माझा अख्खा आठवडा जायचा.

शिमगा झाला आणि आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी मला ओसरीवर बोलावलं.

"जा तू इलायतीला," ते म्हणाले. "मी आडवा येणार न्हाई. गाव काय बी बोलू दे. पण एक गोष्ट. आल्यावर तुझं लगीन, आन् कुनाशी ते जायच्या आधी ठरलं पायजे. मंचरच्या चिमाजीचं स्थळ आलंय. मळा हाय, शिकलेला हाय, सा महिने थांबायला तयार हाय. तुझ्या मनात दुसरं कोन असंल तर तसं सांग. मी काय वाघ न्हाई. पण गाडीत पाय टाकायच्या आत मला हो का न्हाई कळू दे."

आता आबांना काय सांगू? मनात एक कंडक्टर आहे, पण त्याच्या मनात काय आहे ते त्यानं सांगितलेलं नाही? खोपा दिला म्हणून?

मग मी धीर केला. त्या शनिवारी गाडी नारायणगावला थांबली होती, ड्रायव्हर चहाला गेला होता. चांगदेव पायरीवर उभा. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मंचरचं स्थळ, आबांची अट, जायच्या आत द्यायचं उत्तर. सांगून झालं आणि मी छत्रीच्या मुठीकडे बघत बसले.

त्यानं थैलीचा पट्टा उगीच सारखा केला. मग घसा साफ केला.

"कधी निघायचं तुमचं?"

"चैत्री पौर्णिमेनंतरचा बुधवार. तुमच्याच गाडीनं."

"आईला इचारल्याबिगर मी तुमाला शब्द देऊ शकत न्हाई, बाई. ती एकली हाय, आन् मामाच्या गावाला गेलीय ती पौर्णिमेलाच येनार. तिला वाटाय नको, पोरानं परस्पर ठरवलं." आणि मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, खाली नाही, "त्या दिवशी पुण्यात सांगतो. गाडीतनं उतरलं की. नक्की सांगतो."

"विसराल."

"बाई... मी घंटी मारायला इसरंन, हे न्हाई."

सोमवारी परतल्यावर मी हाजराबीला सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "अगं, मग तूच सांग ना त्याला आत्ताच, की मला तू पाहिजे!" मी म्हटलं, "हाजराबी, त्याला आईला विचारू दे. आईला न विचारता माझ्याशी लग्न करायला निघालेला माणूस मला तरी आवडेल का?" यावर ती पुन्हा सुपारी कातरायला लागली.

बुधवार उजाडला. आमच्या घरी तर यात्राच! माझी आई सारजाबाई पहाटेपासून सगळ्यांना दम देत फिरत होती.

"पोरगी सात समुद्र वलांडून चाललीय. तिनं उंबऱ्याच्या भाईर पाय टाकला की कुनीबी मागनं हाक मारायची न्हाई. टोकायचं न्हाई. आन् द्वारके, तू मागं वळून बघायचं न्हाई. ऐकतीयस न्हवं?"

मी हसून मान हलवली. शाळेत मी मुलींना सांगते की मागून हाक मारल्यानं कुणाचं काही वाईट होत नाही. पण त्या दिवशी आईपुढे कोण बोलणार! आम्ही फाट्याकडे निघालो आणि मळ्याच्या वळणावर बघते तर सोपानकाका कडब्यातून, ढेकळांतून धोतर सावरत उड्या मारत पुढे चाललेले. माझी छत्री घरी राहिली होती. मागून हाक मारायची नाही, म्हणून शेतातून वळसा घालून पुढे गेले, समोरून आले, आणि मग धापा टाकत म्हणाले, "द्वारका, ही घे छत्री." आमच्याकडे असंच करतात सगळे. जाणाऱ्याला सांगायचंच असेल तर पुढं जाऊन, तोंडासमोर.

गाडी जुन्नरहूनच खचाखच भरून आली. आई, आबा आणि मी कशीबशी चढलो. चांगदेवनं खाकी कपडे कडक इस्त्री केलेले होते आणि दाढी इतकी घोटली होती की गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. त्यानं तीन तिकिटं आबांच्या हातात दिली. माझ्याकडे एकदाच बघितलं... हो की नाही काही कळेना. माझ्या आणि त्याच्या मध्ये आई, आबा, कोंबड्यांची एक पाटी आणि खेडच्या कोर्टात निघालेले पंच!

घाट चढून पेठ आलं. थांब्यावर एक म्हातारी बाई उभी होती, नऊवारी, कपाळ मोकळं. ती चढली नाही. एकेका खिडकीत डोकावत आली, माझ्या खिडकीशी थांबली, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि गाडी सुटली. कोण बाई असेल, मी मनाशी म्हटलं आणि विसरले. माझं सगळं लक्ष पुण्याकडे लागलं होतं.

पुण्याच्या स्टँडवर गाडी थांबली तशी माणसांची झुंबड उडाली. माझी ट्रंक आणि पेटी टपावरून आबांनी उतरवली. चांगदेव टपावर होता, कोंबड्यांची पाटी कुणाच्या तरी डोक्यावर देत होता. त्यानं वरून हात केला. थांबा, असा. मी थांबले असते. पण आईनं तोवर टांगा ठरवलासुद्धा!

"चल बाय, आगीनगाडी कुनासाठी थांबत न्हाई. तू पुढं बस, टांगेवाल्याच्या शेजारी. तोंड पुढं ठिव."

टांग्यात मागं बसणारी माणसं मागं तोंड करून बसतात. तिथं आई आणि आबा बसले. मी पुढं, घोड्याच्या कानांमधून रस्ता बघत. टांगा सुटला. माझे कान मात्र मागं होते. आता हाक येईल... आता येईल. 'बाई' म्हणेल. की आज तरी 'द्वारका' म्हणेल? कोर्टाची इमारत गेली. संगमाचा पूल आला. पुलावर घोडा दुडक्या चालीनं धावायला लागला, आणि मागून चाकांच्या आवाजाशिवाय काही म्हणजे काही आलं नाही.

स्टेशनवरही मी शेवटपर्यंत फाटकाकडे बघत राहिले. गार्डानं शिट्टी फुंकली. आबा खिडकीशी आले. "द्वारके, बोल बाय. मंचरवाल्यांना काय सांगू?"

पुण्यात सांगतो म्हणाला होता. पुणं तर संपलं. नाही म्हणायचं असलं की माणसं अशीच गप्प राहतात, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आईनं नकार दिला असेल. ऐनवेळी तोंड दाखवायची लाज वाटली असेल. मला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं...

"हो सांगा," मी म्हटलं.

आबांचा चेहरा फुलला. गाडी हलली. खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत मी पदर तोंडात कोंबून रडत होते आणि समोरच्या बाई म्हणत होत्या, पहिल्यांदा घर सोडलं की होतं असं.

डेन्मार्क सुंदर होतं. खोटं कशाला बोलू! हिरवीगार, मऊ झाडी. शाळेच्या आवारात मधमाश्यांच्या पेट्या. मास्तर मुलांना ओढ्यावर न्यायचे, बेडकाची अंडी बशीत घेऊन दाखवायचे, म्हाताऱ्या बायका वर्गात येऊन टोपल्या विणायला शिकवायच्या. मी वह्याच्या वह्या भरल्या. पण मी माझी पेटी उघडली की माझं तोंड बंद व्हायचं. हिरडा काढला की आंबेगावची गाडी आठवायची. खोपा काढला की पोरं हात घालून बघायची, आणि किर्स्टन नावाची तिथली शिक्षिका विचारायची, "हे सगळं कुणी गोळा केलं?"

"एका कंडक्टरनं," मी सांगायचे.

"तो फार चांगला मित्र असणार तुझा."

यावर काय बोलायचं ते मला इंग्रजीत येत नव्हतं. मराठीत तरी कुठं येत होतं!

तिथली एक गोष्ट मला सोसायची नाही. आम्ही एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालो की सगळी शाळा रस्त्यावर यायची आणि आमची मोटार वळणाआड जाईपर्यंत मागून हाका मारायची. नावं घेऊन, हात हलवून, गाणी म्हणत! पहिल्यांदा मी दचकलेच. अगं बाई, टोकलं की गं! मग सवय झाली. मग मात्र दर वेळी मीच मान वळवून मागं बघायला लागले. माझं नाव धड उच्चारता न येणारी पोरं मला मागून हाका मारत होती, आणि ज्यानं मारायची त्यानं मारली नव्हती.

दिवाळी होऊन गेली आणि मी घरी आले. घरात लग्नाची गडबड. तुळशीचं लग्न झालं की माझं, चिमाजींशी. सुपारी फुटली होती, दागिने घडत होते. संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले आणि मी डेन्मार्कच्या गोष्टी सांगायला लागले. मोटारीमागून ओरडणाऱ्या पोरांची गोष्ट सांगितली तशी आई "अगं माझे आई!" म्हणून कानांवर हात ठेवून बसली. आबा मात्र हसायला लागले.

"त्यावरनं आठवलं. द्वारके, तू निघालीस त्या दिवशी मला लई घोर पडला व्हता. आपला टांगा सुटला आन् त्यो कंडक्टर, पेठचा चांगदेव, टांग्यामागं पळत सुटला की गं!"

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"मी मागं तोंड करून बसलेलो. बघतो तर हा वाऱ्यावानी येतोय! मी म्हणलं, झालं, आता हा हाक मारतोय, पोरीला टोकतोय. काळजात धस्स झालं माझ्या. पण न्हाई! गड्यानं तोंड गच्च मिटलेलं. पुढं जायला बघत व्हता, टांग्याच्या पुढं. पार संगमाच्या पुलापत्तर पळाला. मंग घोडा जोरात सुटला आन् त्यो ऱ्हायला मागं, कठड्याला धरून. शाना मानूस! मागनं हाक मारायची न्हाई एवढं जानतो."

"मला का नाही सांगितलंत, आबा?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"कसं सांगू? सांगितलं असतं तर तू मागं बघितलं नसतंस? दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीनं आमी माघारी आलो. इचारलं, का रं पळत व्हतास? म्हणला, काय न्हाई आबा, सहज. मंग मी त्याला तुझं ठरल्याचं सांगितलं. पेढा दिला. त्यानं कपाळाला लावला आन् खिशात ठेवला. त्याचंबी झालं की लगीन. वैशाखातच उरकलं त्याच्या आईनं."

आई म्हणाली, "द्वारके, काय झालं गं? दमलीस का?"

"हो," मी म्हटलं आणि आत जाऊन धान्याच्या कणगीमागं बसले. लहानपणी मार खाल्ला की मी तिथं बसायचे.

लग्नानंतर मंचरला राहायचं, म्हणून शाळेचा राजीनामा द्यायला जुन्नरला गेले, त्या दिवशी परतताना त्याचीच गाडी होती. दुपारची वेळ, गाडीत चार माणसं पेंगत होती. तो आला. थोडा वाळला होता. माझ्या हातात तिकीट दिलं आणि पलीकडच्या बाकावर टेकला. आधी कधी तो बसत नसे.

"कसं हाय तुमचं डेन्मार्क?"

"घाटाच्या पलीकडे," मी म्हटलं. तो हसला नाही. "लग्न झालं म्हणे तुमचं."

"झालं."

"नाव काय तिचं?"

"भागू. गरीब हाय सोभावानं." मग जरा वेळानं म्हणाला, "आई पेठच्या थांब्यावर आली व्हती त्या दिवशी. तुमाला बघायला. लई पसंत पडला व्हता तुमी तिला. गाडी सुटताना मला म्हणली, आण हिला घरी."

खिडकीतून ऊन येत होतं आणि माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"मग हाक का मारली नाहीत?" मी विचारलं. शेवटी विचारलंच. "एक हाक, चांगदेव! संगमाच्या पुलापर्यंत पळालात आणि एक हाक मारवली नाही तुम्हाला? टांगा जागच्या जागी थांबवला असता मी! आणि स्टेशनवर का नाही आलात?"

"माघारीची फेरी व्हती. गाडी भरून उभी, बाया, पोरं बसलेली... तशीच सोडून कसा येनार?" तो तिकिटांच्या पेटीवर बोट फिरवत राहिला. "आन् हाक म्हणाल तर तोंडाशी आली व्हती. पण तुमी निघाला व्हता पार समुद्रापल्याड. मागनं टोकलं आन् काय वंगाळ झालं असतं तर? बोटीचं कायबी झालं असतं तर?"

"काही झालं नसतं! हे सगळं खोटं असतं हो!"

"असंल खोटं. तुमी शिकलेल्या हाय. पण माझा जीव झाला न्हाई, बाई." त्यानं मान वर केली. डोळे भरलेले, आणि तोंडावर असं समाधान की मला बघवेना. "आलात न्हवं सुखरूप?"

आले होते खरी.

"परत तशी येळ आली ना," तो म्हणाला, "तरीबी मी असाच पळंन. पण हाक न्हाई मारायचो."

मला भांडायचं होतं. आयुष्यात कधी भांडले नाही इतकं भांडायचं होतं त्याच्याशी. पण अवसरी फाटा आला आणि त्यानं उठून घंटीची दोरी ओढली.

"सावकाश उतरा, द्वारकाबाई," तो म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलं ते त्या एकाच दिवशी.

मी उतरले. गाडी सुटली आणि माझा सगळा धीर सुटला. वाटलं, धावत जावं, जिवाच्या आकांतानं हाक मारावी, सगळ्या मंचरनं ऐकलं तरी चालेल. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मग दिसलं की मी त्याच्या मागे उभी आहे, आणि त्याला अजून घाट चढायचा आहे.

मी तोंडावर हात दाबून धरला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तशीच उभी राहिले.